आजी सातव्या वर्षी बिड्यांना बसली, तेव्हा कायदा कुठे होता?

मुग्धा_भवानीपेठ

नमस्कार मंडळी. माझी मुलगी नववीत आहे. इतिहासाच्या प्रकल्पाला तिने ‘औद्योगिक क्रांती आणि लहान मुलांचे श्रम’ हा विषय घेतलाय. इंग्लंडच्या गिरण्या, कोळशाच्या खाणी, धुराड्यात उतरणारी पोरं, सगळं छान लिहिलंय. काल रात्री लिहिता लिहिता मला म्हणाली, “बरं झालं आई, आपल्याकडे असलं काही नव्हतं.” मी पोळ्या लाटत होते, हात तिथेच थांबला.

माझी आजी, म्हणजे आईची आई, भवानी पेठेत वाढली. एका वाड्यातली एक खोली, आई-वडील आणि पाच भावंडं. तिची आई घरी बिड्या वळायची. ओल्या गोणपाटात गुंडाळलेली पानं पहाटे उलगडायची, पत्र्याचं माप ठेवून कात्रीने कापायची, तंबाखू घालून वळायची, सूत बांधायचं. बिडीचं तोंड मिटायचं काम आजीचं आणि तिच्या भावाचं. आजी म्हणायची, “मला सातवं लागलं आणि मांडीवर सूप आलं.” शेवटपर्यंत तिच्या उजव्या अंगठ्याचं नख सरळ कधी वाढलं नाही. संध्याकाळी बिड्यांचे कट्टे टोपलीत घालून कारखान्यावर द्यायला तीच जायची. तिथला माणूस त्यातल्या बिड्या छाटून बाजूला टाकायचा. त्यांचे पैसे नाही, आणि बिड्याही परत नाहीत. हे सांगताना सत्तरी ओलांडल्यावरही तिचा आवाज चढायचा.

आम्ही तिचा जन्म १९३७ चा धरतो. २०१४ ला ती गेली.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. त्या काळी लहान मुलांना कामाला लावायला बंदी करणारा कायदा होता का? असला, तर तो आजीपर्यंत का पोचला नाही? आणि मुलीच्या प्रकल्पात आजीला घालता येईल का? तिथे ना गिरणी होती ना यंत्र. एक सूप, एक कात्री आणि माणसं.

अभ्यासिका_सदाशिव

ताई, स्पर्धा परीक्षेमुळे हा भाग पाठ आहे म्हणून थोडक्यात सांगतो. आपल्याकडचा पहिला फॅक्टरी ॲक्ट १८८१ चा. सात वर्षांखालचं मूल कामावर ठेवायचं नाही आणि सात ते बारा वयाच्या मुलांना दिवसाला नऊ तासांच्या वर राबवायचं नाही, असं त्यात होतं. १८९१ मध्ये किमान वय नऊ केलं, नऊ ते चौदा वयाला सात तास. १९२२ मध्ये किमान वय बारा झालं आणि बारा ते पंधराला सहा तास.

याच काळात नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांना एकत्र आणलं (१८८४) आणि १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळवली. त्यांनी चालवलेलं ‘दीनबंधू’ पत्र मुळात १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी आपल्या पुण्यात सुरू केलेलं, हा मुद्दा प्रकल्पात घाला, मार्क मिळतील.

बिडी मात्र गृहोद्योगात मोडते. औद्योगिकीकरणात धरत नाहीत. त्यामुळे आजीचं उदाहरण विषयाला सोडून होईल असं वाटतं.

निवृत्त_निरीक्षक

ताई, मी कारखाना निरीक्षक होतो. तीस वर्षं नोकरी झाली, त्यातली बरीचशी पुणे आणि आसपास. आता बिबवेवाडीत असतो. वरच्या चिरंजीवांनी सन अगदी बरोबर दिले आहेत. शेवटचं वाक्य मात्र मला मान्य नाही, आणि ते का, हे सविस्तर लिहितो, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

आधी इंग्लंड. १८३२ मध्ये पार्लमेंटच्या एका समितीपुढे एलिझाबेथ बेंटली नावाच्या तेवीस वर्षांच्या बाईने जबाब दिला. लीड्सच्या जवसाच्या धाग्याच्या (लिननच्या) गिरणीत ती सहाव्या वर्षी लागली होती. भरलेल्या बाबिणी (सुताची रिळं) काढायच्या, रिकाम्या लावायच्या. कामाची गर्दी असली की पहाटे पाच ते रात्री नऊ. जेवायला दुपारी चाळीस मिनिटं. हात मंदावला की पट्टा. मुलीला हा जबाब जरूर वाचायला सांगा, आजीच्या सांगण्याशेजारी ठेवून वाचायला सांगा. एक सहाव्या वर्षी, एक सातव्या.

पुढच्या वर्षी, १८३३ ला, कायदा झाला. सूतगिरण्यांत नवाच्या आतलं मूल नको, नऊ ते तेराला दिवसाला नऊ तास, वर रोज दोन तास शाळा. आणि पहिल्यांदाच सरकारी निरीक्षक नेमले. सबंध देशाला चार! तरी मी म्हणेन की खरी सुरुवात तिथे झाली. त्याआधीही कायदे होते, १८०२ चा होता, १८१९ चा होता. पण गिरणीच्या दारात जाऊन मोजणारा पगारी माणूस नव्हता. कायदा कागदावर आणि पोरं यंत्राखाली, अशी गत.

मग प्रश्न आला वयाचा. नऊ वर्षं पुरी झाली हे ठरवायचं कशावरून? तिकडे सरकारी जन्मनोंदणी १८३७ साली सुरू झाली. त्या काळी डॉक्टर मुलाचा जबडा उघडून दात मोजत. हे वाचून हसू नका. आमच्या मस्टरवर निम्म्या पोरांची जन्मतारीख १ जून असायची. मास्तरांनी शाळेत घालताना टाकलेली. ज्याला शाळाच नाही त्याला तीही नाही. १९८० च्या दशकात मी एका वर्कशॉपमधून एका मुलाला बाहेर काढलं. पॉलिशच्या चाकावर बसायचा, अंगावर कुठे काळं नाही असं राहिलं नव्हतं. बारा वर्षांचा असेल-नसेल. दाखला काहीच नाही. क्ष-किरण काढून डॉक्टरांनी लिहिलं, ‘वय अंदाजे चौदा ते पंधरा’. चौदा पुरं म्हणजे चालतं. महिन्याभराने मी पुन्हा गेलो तर तो त्याच चाकावर. मला ओळखून त्याने मान खाली घातली. चूक त्याची नव्हती हो. मी त्याला परत मिळवून द्यायला हवं होतं ते काहीच मिळवून देऊ शकलो नव्हतो, आणि ते अजून मनातून जात नाही.

आता धुराड्यातली पोरं. तुमच्या मुलीने लिहिलंच आहे. पण एक गोष्ट तिला विचारा : गिरणीचा कायदा १८३३ नंतर हळूहळू लागू पडला, खाणींचा १८४२ ला झाला, मग धुराड्यात पोर उतरवणं थांबायला १८७५ का उजाडावं? १७८८ पासून त्यावर कायदे होते. १८४० ला तर एकविसाच्या आतल्या कोणाला धुराड्यात पाठवायचंच नाही असं लिहिलं होतं. तरी जॉर्ज ब्रूस्टर नावाचा मुलगा १८७५ च्या फेब्रुवारीत केंब्रिजजवळच्या एका इस्पितळाच्या धुराड्यात अडकून गेला, तेव्हा कुठे परवाना, पोलीस असं सगळं कडक झालं. धुराडी घरांची होती. प्रतिष्ठितांच्या घरांची. गिरणीच्या फाटकातून निरीक्षक आत शिरतो. घराच्या उंबऱ्याशी तो थबकतो. ही गोष्ट मनात ठेवा आणि आता भारताकडे या.

१८८१ च्या आपल्या कायद्यात किमान वय सात होतं हे वर आलंच. त्याच्या आधीची ओळ वाचली तर तो कुणाला लागू होता ते कळतं : यंत्रशक्तीवर चालणारा आणि शंभर किंवा जास्त माणसं असलेला कारखाना. म्हणजे निरीक्षकाने आधी इंजिन बघायचं, मग डोकी मोजायची, शंभर भरली तर मग मुलाकडे बघायचं. नव्वद माणसांच्या कारखान्यात सहा वर्षांचं पोर असलं तर ते कायद्याला दिसत नव्हतं. १८९१ ला शंभराचे पन्नास झाले, १९२२ ला वीस, आणि मी ज्या कायद्याखाली नोकरी केली त्या १९४८ च्या कायद्यात यंत्र असेल तर दहा, नसेल तर वीस.

हे आकडे मालकांना माझ्यापेक्षा जास्त पाठ. बिनयंत्राच्या जागी गेलं की मस्टरवर एकोणीस नावं. मी दारातल्या चपला मोजायला शिकलो होतो. एकोणीस माणसं आणि तीस-बत्तीस जोड, त्यात काही वीतभर. मग माळ्याकडे बघायचं. एकदा वरून धूळ पडली माझ्या वहीवर, पोरं दबकून बसली होती.

१८८१ चा कायदा कसा आला हेही सांगतो, कारण त्यात आपल्या लोकांनीही शोभेल असं काही केलं नाही. मुंबईच्या गिरण्यांचं स्वस्त सूत इंग्लंडातल्या लँकशायरच्या गिरणीमालकांना खुपत होतं. हिंदुस्थानातही कामाच्या तासांवर मर्यादा हवी असा धोशा त्यांनी लावला. १८७५ मध्ये मुंबईत आयोग बसला, त्याने बहुमताने सांगितलं की कायद्याची गरज नाही. सोराबजी शापुरजी बंगाली यांच्यासारखे थोडे लोक गरज आहे म्हणून झगडत होते. आपली बहुतेक राष्ट्रीय वृत्तपत्रं मालकांच्या बाजूने उभी राहिली : हा कायदा म्हणजे देशी धंदा बुडवायचा परकी डाव आहे! डाव होताच, ते खोटं नव्हतं. पण त्रासन (सूतकताईच्या) खात्यात बाबिणी काढणाऱ्या सात वर्षांच्या पोराला त्याचे तास कमी करणारा माणूस मँचेस्टरचा की मुंबईचा याने काय फरक पडणार होता? गिरणीत तेव्हा दिवे नव्हते, उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून पोराचा दिवसही मोठा.

आता तुमची आजी. १९२९ ते १९३१ या काळात व्हिटली साहेबांचा कामगार आयोग देशभर फिरला. मद्रास इलाख्यातल्या बिडीच्या जागांबद्दल त्यांनी जे नोंदवलं त्यात पाच वर्षांची मुलं आहेत, दहा-बारा तास काम आहे, आठवड्याची सुट्टी नाही, आणि सगळ्यात लहानांची मजुरी दिवसाला दोन आणे इतकी कमी. बाप उचल घेऊन पोराचे हात गहाण टाकी, त्यावर १९३३ ला कायदा झाला. आणि १९३८ ला ‘एम्प्लॉयमेंट ऑफ चिल्ड्रन ॲक्ट’ आला. त्याच्या परिशिष्टात ज्या धंद्यांत बारा वर्षांखालचं मूल ठेवायचं नाही त्यांची यादी आहे. गालिचे, सिमेंट, आगपेट्या, अभ्रक, कातडी कमावणं वगैरे. यादीत पहिलं नाव कशाचं? बिडी वळण्याचं.

म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाला उत्तर : होता. आजी सुपापुढे बसली तेव्हा ती सात वर्षांची आणि कायदा सहा वर्षांचा.

आणि दुसऱ्या प्रश्नाला उत्तर त्याच कलमाखालच्या परंतुकात आहे. मालक केवळ आपल्या कुटुंबाच्या मदतीने, मजूर न लावता जिथे काम करतो, तिथे हे कलम लागू नाही. कुटुंबाला सवलत. दिसायला किती सोज्वळ! कारखानदाराने काय करायचं? पोरांना कारखान्यात बसवायचंच नाही. पानं आणि तंबाखू तोलून आईच्या पदरात टाकायची आणि हजार बिड्यांमागे भाव करायचा. आई तेवढ्या बिड्या एकटीने वळूच शकत नाही, हे भाव ठरवतानाच सगळ्यांना ठाऊक. पोरांना कामाला कुणी लावलं? कागदावर कुणीच नाही.

म्हणून वरच्या चिरंजीवांना सांगतो, बाळा, बिडी औद्योगिकीकरणाबाहेरची नव्हे. पान भंडारा-गोंदियाकडच्या जंगलातलं, तंबाखू निपाणीकडची, दोन्ही आगगाडीने यायचं, माल दूरदूरच्या बाजारात जायचा, मागे मोठं भांडवल. तो पुरा कारखानाच होता. फक्त त्याच्या भिंती कारखानदाराने बांधल्या नव्हत्या, भवानी पेठेतल्या भाड्याच्या खोल्यांच्या भिंती वापरल्या होत्या. आजीला प्रकल्पात घाला. पहिल्या पानावर घाला.

मठारकाम_कसबा

सगळं वाचलं. काकांबद्दल आदर ठेवून लिहितो. मी तांबट आळीतला. माझे वडील आठव्या वर्षी भट्टीवर भाता ओढायला बसले, दहाव्या वर्षी हातात हातोडी आली. तांब्याच्या हंड्यावर एकसारखे ठोके उमटवणं म्हणजे मठारकाम, ते पंधराव्या वर्षी शिकायला घेतलं तर हाताला येत नाही. त्यांना कुणी राबवलं नाही, आजोबांनी शिकवलं. आज त्यांना कमी ऐकू येतं हे खरं, आळीतल्या सगळ्याच म्हाताऱ्यांना येतं. पण तुम्ही कायद्यातली कुटुंबाची सवलत म्हणजे पळवाट म्हणता तेव्हा माझे आजोबा गुन्हेगार ठरतात. ते मला पटत नाही, वाचून वाईट वाटलं.

निवृत्त_निरीक्षक

तुमच्या आजोबांना मी गुन्हेगार म्हणणार नाही. तसं वाटलं असेल तर माझं लिहिणं तोकडं पडलं. फरक आहेच, आणि तो मोठा आहे. हंडा विकला की पैसे तुमच्याच घरात आले आणि कसब वडिलांच्या हातात राहिलं, जन्मभर. मुग्धाताईंच्या आजीने हजारो बिड्यांची तोंडं मिटली, त्यातून तिच्या हाती काय राहिलं? वाकडं नख.

तरी तुम्हाला एक विचारतो, रागावू नका. वडील शाळेत कितवीपर्यंत गेले? मला उत्तर नकोय, तुमच्याशीच ठेवा.

हे विचारायचं कारण वेगळं आहे. १८८२ च्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे पहिला फॅक्टरी ॲक्ट झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी, जोतीराव फुल्यांनी पुण्याहून हंटर शिक्षण आयोगाला निवेदन दिलं. त्यात मागणी आहे की प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचं करा. सरकार म्हणत होतं, सात वर्षं झाली की नऊ तास कामाला चालेल. पुण्यातला हा माणूस म्हणत होता, बारापर्यंत पाटीपुढे बसवा. आणि घरची गरज त्यांना कळत नव्हती असं कुणी म्हणू नये. शेतकऱ्याला गुरं राखायला, शेत बघायला पोर लागतं, हे त्याच निवेदनात आहे, आणि म्हणूनच शाळेत येणाऱ्यांना शिष्यवृत्त्या, बक्षिसं द्या अशी मागणीही आहे. नुसती सक्ती त्यांनी मागितली नाही; पोर शाळेत गेल्याने घराचं जे जाईल त्याचा थोडा तरी भार सरकारने उचलावा, असं त्यात दिसतं.

ऐकलं कुणी? गोखल्यांनी १९११ मध्ये सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मांडलं, तेही पुढच्या वर्षी फेटाळलं गेलं. शाहू महाराजांनी मात्र कोल्हापुरात १९१७ ला करून दाखवलं, मूल शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड ठेवून. इंग्लंडातही गिरण्यांतली लहान पोरं कमी झाली त्यात निरीक्षकांचा हात आहेच, पण १८८० ला दहा वर्षांपर्यंत शाळा सक्तीची झाली तिचा मला त्याहून जास्त वाटतो. मूल कुठे नसावं हे सांगून भागत नाही, ते कुठे असावं हे ठरवावं लागतं आणि तिथे बाक ठेवावा लागतो. आमच्याकडे हे व्हायला शिक्षण हक्क कायद्याचं २००९ साल उजाडलं.

कुटुंबाची सवलत १९८६ च्या कायद्यात पुन्हा आली. त्याही यादीत बिडी होती आणि त्याही कलमाला परंतुक होतं. २०१६ च्या दुरुस्तीने चौदाखालच्या मुलांना सगळीकडे बंदी केली, धोक्याची कामं वगळता घरच्या धंद्यात शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत मदत मात्र चालते. तुमच्यासारख्या घरासाठी ती वाजवी आहे, हे मी मान्य करतो. पण घरचा धंदा कुणाचा आणि माल कुणाचा, हे दारात उभं राहून ओळखायचं कसं, ते मला तीस वर्षांत नेमकं जमलं नाही. २००६ च्या ऑक्टोबरपासून हॉटेलात आणि घरकामाला मुलं ठेवायला बंदी आली, तेव्हा अमृततुल्य चहाच्या दुकानांतली ग्लास विसळणारी पोरं एकाएकी सगळी मालकांची ‘भाचे’ झाली होती. कितीतरी वेळा मी त्या भाच्यांना मामाचं आडनाव विचारलंय.

मुग्धाताई, एक सुचवतो. आजी थोडी तरी शाळेत गेली असेल तर तिचा दाखला कुठे आहे का बघा. त्यात ‘शाळा सोडण्याचे कारण’ असा रकाना असतो.

मुग्धा_भवानीपेठ

काका, तुमचं वाचून आईला फोन केला. दाखला मामाकडे निघाला, पेन्शनच्या कागदांत. त्याने फोटो पाठवलाय, घडीवर फाटलाय पण वाचता येतो.

जन्मतारीख १ जून १९३७. तुमची १ जून! इयत्ता दुसरी. शाळा सोडल्याची तारीख १९४५ च्या फेब्रुवारीतली. कारणाच्या रकान्यात निळ्या शाईने चारच शब्द आहेत : ‘बरेच दिवस गैरहजर, सबब’. पुढे काही नाही.

लेकीने तो फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला. मग मला विचारलं की शाळेपासून पणजीचं घर किती लांब होतं. मी आईला विचारून सांगितलं, मधे एक गल्ली. तिने प्रकल्पाचं पहिलं पान फाडलं आणि आता नव्याने लिहायला बसली आहे. एलिझाबेथ बेंटलीचा जबाब मराठीत उतरवायला तिला मदत हवीय. काका, रविवारी सकाळी तुम्हाला वेळ असेल तर आम्ही दोघी बिबवेवाडीला येऊ का?

निवृत्त_निरीक्षक

या. दहानंतर कधीही. दाखल्याची झेरॉक्स माझ्यासाठी एक घेऊन या.